कवचानंद महाराजांची समाधी

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. नदी होती, करवंदाच्या जाळ्या होत्या, आणि एक वाघ होता, तो आठवड्यातून दोनदाच जेवायला बाहेर पडायचा. फक्त महाराज नव्हते.

पलीकडच्या जंगलात दोन होते. एक बोलणारे आणि एक मौनी. बोलणारे कधी थांबायचे नाहीत आणि मौनी कधी सुरू व्हायचे नाहीत. त्यामुळे तिथल्या जनावरांची दोन्हीकडून सोय झाली होती. नदीच्या वरच्या अंगाला आणखी एक महाराज होते, ते एका पायावर उभे असत. आता तो बगळा होता आणि बगळे तसेच उभे राहतात, ही गोष्ट वेगळी.

आपल्या जंगलातली जनावरं लग्नाकार्याला बाहेर गेली की पाहुणे विचारायचे, "तुमच्याकडे कोण असतात?"

जनावरं मान खाली घालून म्हणायची, "आमच्याकडे वाघ असतो."

"तो काय, सगळीकडेच असतो," असं म्हणून पाहुणे दुसऱ्या पंगतीकडे वळायचे.

फार अपमान व्हायचा.

तर या जंगलात साळूबाई नावाचं एक साळिंदर राहत होतं. साळिंदर माहीत आहे ना? अंगावर हात-हातभर काटे असतात ते. साळूबाईचा नवरा दोन वर्षांपूर्वी कंद उकरायला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. त्याला वाघाने खाल्लं असं साळूबाई सहा महिने धरून चालली. रीतसर रडलीसुद्धा. मग कळलं की तो पलीकडच्या जंगलात सुखरूप आहे, त्याने दुसरं बिऱ्हाड केलंय आणि त्याला ते मानवलंय.

हे दुःख कोणाला तरी सांगावं असं साळूबाईला फार वाटायचं. पण साळिंदराजवळ कोण बसणार? बसलंच कोणी तर चार हात लांब बसायचं. शिवाय साळूबाई बोलता बोलता भरून आली की तिचे काटे उभे राहायचे. मग ऐकणाऱ्याला एकदम घरचं काम आठवायचं. हरणीचं पाडस रडायला लागायचं. सशाचं बीळ उघडं राहिलेलं असायचं. ज्यांना घरच नव्हतं, तीसुद्धा घरी जायची.

एके दिवशी संध्याकाळी साळूबाई एका वारुळापाशी आली. तिथे वारूळ उकरत एक खवले मांजर बसलं होतं. त्याचं नाव खवल्या. खवले मांजर हे नावाचंच मांजर, बरं का. डोक्यापासून शेपटाच्या टोकापर्यंत अंगावर कौलं घातल्यासारखे खवले. तोंडात दात एकही नाही. खाणं काय, तर मुंग्या आणि वाळवी. आणि स्वभाव असा भित्रा की झाडाचं पान पडलं तरी अंगाचा घट्ट गोळा करून पडून राहायचं. एवढी एकच विद्या त्याला येते.

साळूबाईच्या काट्यांचा खुळखुळाट ऐकला मात्र, खवल्याचा गोळा झाला.

साळूबाईने असं काही आधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "घाबरू नका हो. मी साळू."

गोळा काही बोलला नाही.

"तुमचं काम असेल ना?" ती म्हणाली. "जा तुम्ही. सगळे जातातच."

गोळा गेला नाही.

मग साळूबाई खाली बसली आणि बोलायला लागली. दिवस मावळेपर्यंत बोलली. नवऱ्याचं सांगितलं, सवतीचं सांगितलं, सहा महिने फुकट रडल्याचं सांगितलं. तिचे काटे उभे राहिले, आडवे झाले, पुन्हा उभे राहिले. गोळा जागचा हलला नाही. "जाऊ दे गं" म्हणाला नाही. "तुझंही काहीतरी चुकलं असेल" असंही म्हणाला नाही. शेवटी साळूबाईने डोळे पुसले, गोळ्याला लांबूनच नमस्कार केला आणि घरी गेली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली.

सकाळी उठून तिने हे टिटवीला सांगितलं. टिटवीला सांगितलं म्हणजे काय झालं, ते तुम्हाला कळलंच असेल.

"अजिबात हलले नाहीत?" टिटवीने विचारलं.

"अजिबात."

"काही मागितलं नाही?"

"नाही गं."

"उपदेश?"

"एक शब्द नाही."

टिटवीने डोळे मोठे केले. "अगं साळू, मग ते साधे नव्हेत!" असं म्हणून ती ओरडत उडाली. दुपारपर्यंत वारुळाभोवती सगळं जंगल जमलं. इतकं जंगल एकदम अंगावर आलेलं पाहून खवल्याने जो गोळा केला, तो पुन्हा उघडलाच नाही.

जनावरं एकेक करून पुढे झाली आणि आपापलं दुःख सांगू लागली. गोळा सगळ्यांचं सारखंच ऐकून घेत होता. लहान-मोठा असा भेदभाव नाही. जो तो डोळे पुसत मागे येई आणि म्हणे, "आज फार बरं वाटलं."

मग चमत्कार सुरू झाले. सशिणीला पिल्लं झाली. वानराचा दुखरा दात पडला आणि दुखायचा थांबला. मोराने पाऊस मागितला होता, तो पडला नाही, पण मोराचीच श्रद्धा कमी पडली असं सगळ्यांचं मत झालं. मोरालाही ते पटलं.

त्या जंगलात उदाजीराव नावाचं एक उदमांजर होतं. तरुणपणी ते गावातल्या कोंबड्या पळवायचं. आता वयामुळे कोंबड्या जास्त जोरात पळायच्या. म्हणून उदाजीराव समाजकार्याकडे वळले होते. त्यांनी परिस्थिती पाहिली आणि सगळी जबाबदारी आपल्या खांद्यावर घेतली. कोणी दिली नव्हती, त्यांनीच घेतली.

उदाजीरावांनी महाराजांना नाव दिलं, कवचानंद. वर पानांचा मांडव घातला. रांगेसाठी वेलींचे दोर बांधले. नैवेद्याला कंद येऊ लागले, करवंदं येऊ लागली, वानरांनी कुठूनशी गुळाची आख्खी ढेप आणली. महाराज कशालाच तोंड लावत नसत. दात नसलेल्याने कंद खायचा तरी कसा? पण जनावरं म्हणाली, "निराहारी आहेत!" नैवेद्य वाया जाऊ नये म्हणून उदाजीराव तो मांडवामागे नेऊन संपवत. त्यांची तब्येत सुधारली.

वारुळातल्या मुंग्यांनी तर भजनी मंडळ काढलं. हजारो मुंग्या रांगेने महाराजांना प्रदक्षिणा घालत. काही अंगावर चढून पलीकडे उतरत. आश्रमात मुंगीलाही धक्का लागता कामा नये, असा नियमच झाला. विचार करा, मुलांनो. जेवणाने भोवती फेर धरून गावं आणि जेवणाऱ्याने डोळे मिटून पडून राहावं!

पण या सगळ्यात साळूबाईचं भलं झालं, हे खोटं म्हणता येणार नाही. ती महाराजांची पहिली शिष्या. उदाजीराव तिची ओळख 'आद्य साळूताई' अशी करून देत. तिची जागा महाराजांच्या अगदी शेजारी. गर्दीत तिला कोणी ढकलत नसे, आणि ढकलून बघायची कोणाची छातीही नव्हती. परगावची जनावरं तिला विचारायची, "ताई, पहिल्या दिवशी महाराज कसे दिसत होते?"

"तेज होतं," साळूबाई सांगायची. खरं तर तेव्हा अंधारत आलं होतं. पण रोज सांगून सांगून तिला स्वतःलाच तेज आठवायला लागलं होतं.

अकराव्या दिवशी मोठा महाप्रसाद झाला. सगळं जंगल जेवलं आणि जिथल्या तिथे झोपलं. साळूबाई एकटीच मांडवात झाडलोट करत होती. एवढ्यात बारीक आवाज आला.

"गेले का हो सगळे?"

साळूबाईने इकडेतिकडे पाहिलं. गोळा थोडासा उकलला होता आणि त्यातून एक लांबोडकं तोंड बाहेर आलं होतं. दोन बारके डोळे लुकलुकत होते.

साळूबाईने लोटांगणच घातलं. "महाराज! समाधी उतरली?"

"कसली समाधी, बाई? मी घाबरलोय."

"भवसागराला?"

"नाही हो. तुम्हाला. म्हणजे सगळ्यांनाच. तुम्हाला जरा जास्त. तुम्हाला काटे आहेत." तो म्हणाला, "आणि अकरा दिवस पोटात काही नाही. इथे जवळपास वाळवी मिळेल का?"

समोर कवचानंद महाराज नव्हतेच. एक भुकेला, घाबरट, दात नसलेला जीव होता, आणि त्याचं नाक वाहत होतं.

"म्हणजे त्या दिवशी मी एवढं बोलले," ती हळू आवाजात म्हणाली, "ते सगळं तुम्ही नुसते घाबरून..."

"हो. हललो तर तुम्ही टोचाल, असं वाटलं."

साळूबाईचे काटे एकेक करून खाली बसले. इतके खाली, की ती अर्धी दिसायला लागली.

"ऐकलं मात्र सगळं," खवल्या म्हणाला. "कान काही मिटता येत नाहीत. एक विचारू का? नवरा गेला त्या दिवशी तुमचं भांडण झालं होतं, एवढं म्हणालात आणि पुढे सवतीवर गेलात. भांडण कशावरून झालं, ते राहिलंच. अकरा दिवस मी त्याचाच विचार करतोय. दुसरं करणार काय?"

साळूबाईने मान वर केली. दोन वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. तिचं इतकं ऐकायला कोणी थांबलंच नव्हतं.

"सुरणावरून," ती म्हणाली. "मोठा तुकडा कोणी घ्यायचा, त्यावरून."

"मग कोणी घेतला?"

"मी."

"बरं केलंत," खवल्या म्हणाला.

आणि साळूबाईला हसू फुटलं. हसता हसता रडू आलं. मग ती उठली, मांडवामागचा एक कुजका ओंडका ढकलत आणला आणि खवल्यापुढे ठेवला. तो वाळवीने भरलेला होता. खवल्याने हातभर लांब जीभ बाहेर काढली. महाराजांची ही जीभ पाहून साळूबाई क्षणभर दचकली. मग म्हणाली, "सावकाश खा. ठसका लागेल." जेवता जेवता खवल्याने भजनी मंडळातल्याही काही मुंग्या उचलल्या. साळूबाईने दुसरीकडे पाहिलं.

आता, मुलांनो, शहाण्या माणसाने इथे गप्प बसायचं असतं. साळूबाई गप्प बसली नाही. तिला वाटलं, हे सगळ्यांना सांगितलं पाहिजे. लोकांचं महाराजांवर एवढं प्रेम आहे, ते त्यांना उपाशी कसं ठेवतील?

संध्याकाळी आरती झाल्यावर ती पुढे आली आणि म्हणाली, "आपले महाराज फार चांगले आहेत. पण त्यांना भूक लागते. त्यांना गर्दीची भीती वाटते. गर्दी थोडी कमी करू या. आणि मुंग्यांचं काय करायचं, तेही बघू या."

मुंग्यांनी चालायचं थांबवलं.

"भूक?" टिटवी किंचाळली. "सद्गुरूंना? अगं साळू, जिभेला काही हाड?"

"मी पाहिलंय गं त्यांना. ते माझ्याशी बोलले."

"तुझ्याशीच का बोलले?" सशिणीने विचारलं. हे मात्र सगळ्यांनाच फार लागलं.

उदाजीराव उठले. ते कधी चिडत नसत. ते शांतपणे म्हणाले, "मंडळी, ताईंना बोलू नका. महाराजांनी त्यांची परीक्षा घेतली. ताई नापास झाल्या. एवढंच."

"मग त्यांनाच विचारा ना!" साळूबाई म्हणाली. तिने वाकून गोळ्याशी तोंड नेलं. "सांगा त्यांना. मी आहे इथे."

आता खवल्याने काय करावं? त्याच्या आईने, आजीने, पणजीने, कोणीही अशा वेळी गोळा सोडला नव्हता. पण त्याने सोडला. थरथरत तोंड बाहेर काढलं. त्याच्या सगळ्या कुळातलं ते सगळ्यात मोठं धाडस होतं. त्याच्या नावाने पोवाडा व्हायला हवा होता.

"मला भीती वाटते," तो म्हणाला.

"वाटणारच," उदाजीराव हात जोडून म्हणाले. "तुमच्याआमच्या पापांची. ऐका!"

"मला घरी जायचंय."

"घर म्हणजे मोक्ष," उदाजीराव म्हणाले. जमावातून हुंदके ऐकू येऊ लागले.

"अहो, मी कोणी महाराज नाही. मी साधं खवले मांजर आहे!"

हे ऐकून तर वानरं झाडावरून खाली पडली. "केवढी ही नम्रता!" मोर म्हणाला. "आपल्या पलीकडच्या मौनींना कधी असं वाक्य सुचलं का?" सुतारपक्ष्याने ते वाक्य लगेच सागाच्या खोडावर कोरायला घेतलं.

"मला सोडा हो!" खवल्या रडकुंडीला येऊन ओरडला.

"सोडा!" उदाजीराव गर्जले. "मोह सोडा, माया सोडा, सोडा म्हणतात महाराज!"

आणि सगळं जंगल पाया पडायला पुढे लोटलं. तेवढ्या गर्दीत खवल्या पुन्हा गोळा झाला, तो आधीपेक्षा घट्ट. साळूबाईला मांडवाबाहेर काढण्यात आलं. उद्यापासून तिने आश्रमाच्या सावलीलाही उभं राहू नये, असं ठरलं. ठराव सशिणीने मांडला. टिटवीने अनुमोदन दिलं.

दुसरा ठराव उदाजीरावांचा होता. महाराजांनी घरी जायचं बोलून दाखवलं होतं. हे लक्षण ठीक नव्हतं. महाराज असे मधेच अंतर्धान पावले तर आश्रमाचं काय? म्हणून पौर्णिमेच्या आत त्यांच्याभोवती दगडी गाभारा बांधायचा ठरला.

"दार कुठल्या बाजूला ठेवायचं?" रानडुकराने विचारलं. दगड तोच आणणार होता.

"दार कशाला?" उदाजीराव म्हणाले. "दर्शनाला एक झरोका ठेवा म्हणजे झालं."

साळूबाईने हे झुडपाआडून ऐकलं. पौर्णिमेला चार दिवस उरले होते. एकदा चहूबाजूंनी भिंत झाली की खवल्या आत उपाशी मरणार, आणि बाहेर त्याच्या उपवासाचं कौतुक होत राहणार.

ती तीन दिवस विचार करत जंगलाच्या कडेला एका फणसाखाली पडून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी डोळा लागला असताना धप्पकन काहीतरी पडलं. साळूबाईने डोळे किलकिले करून पाहिलं. समोर एक खरखरीत, गोल गोळा होता.

"सुटलात?" ती गहिवरून म्हणाली. "महाराज, सुटलात? मला क्षमा करा हो, मी बोलायला नको होतं. माझ्यामुळेच हे सगळं..."

तिचं पुष्कळ बोलून झालं. मनही हलकं झालं. मग तिने नीट पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं, की हा फणस आहे.

साळूबाई उठून बसली. फणसाकडे पाहत राहिली. मग तिने नाकाने त्याला जरासं ढकलून पाहिलं. फणस गडगडत गेला.

त्या दिवशी दुपारी, महाप्रसाद होऊन सगळे घोरायला लागल्यावर, ती फणस ढकलत ढकलत मांडवात शिरली. गाभाऱ्याच्या तीन भिंती झाल्या होत्या. चौथी अर्धी होती.

"खवल्या," तिने हाक मारली. महाराज म्हणायची सवय सुटली होती, हे तिला नंतर आठवलं. "मी आहे. साळू. चला."

खवल्याने तोंड बाहेर काढलं. अशक्तपणाने त्याचे पाय लटपटत होते. तो अर्ध्या भिंतीवरून कसाबसा बाहेर आला. साळूबाईने त्याच्या जागी फणस सरकवला. दोघं निघणार, एवढ्यात टिटवीने झोपेत कूस बदलली आणि एक डोळा उघडला. झालं. खवल्याचा तिथेच गोळा झाला.

"काय गं नेतेस?" टिटवीने विचारलं.

साळूबाईने गोळ्याला नाक लावलं. "फणस," ती म्हणाली.

"बरं," म्हणून टिटवीने डोळा मिटला.

साळूबाई खवल्याला ढकलत नदीपर्यंत गेली. काटे लागू नयेत म्हणून तिने सबंध वाटभर ते घट्ट आडवे धरून ठेवले होते. नदीपाशी पोचेपर्यंत तिची पाठ मोडून आली.

आश्रमात काय झालं म्हणता? काहीच झालं नाही. संध्याकाळी आरती झाली. रांग लागली. दर्शन झालं. "आज महाराज जरा भरल्यासारखे दिसतात," हरीण म्हणालं. "तपाने कांती हिरवी झाली," मोर म्हणाला. चौथी भिंत पुरी झाली. पौर्णिमेचा उत्सव थाटात पार पडला.

उदाजीरावांना मात्र पहिल्याच संध्याकाळी कळलं. उदमांजराचं नाक ते. फणस ओळखायला त्याला डोळे लागत नाहीत. ते झरोक्यापाशी थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी विचार केला, आधीचे महाराज मधूनच बोलायचे, आणि प्रत्येक वेळी अर्थ लावता लावता आपल्याला घाम फुटायचा. हे बरे आहेत. असा विचार करून त्यांनी साष्टांग नमस्कार घातला. आणि खरं सांगतो, मुलांनो, तो नमस्कार अगदी मनापासून होता.

आठवडा गेला. ऊन वाढलं. आणि गाभाऱ्यातून सुगंध येऊ लागला.

आधी मुंग्यांना आला, मग माश्यांना, मग सगळ्यांना. गोड, दाट, दिव्य सुगंध! तीन कोसांवरून जनावरं वास घेत घेत आली. बोलणारे महाराज त्यांच्या जंगलात एकटेच बोलत बसले. "आमच्या गुरूंच्या अंगाला पुण्याईचा वास येतो," टिटवी सगळीकडे सांगू लागली, "तुमच्यांच्या अंगाला कसला येतो?"

नवव्या दिवशी सकाळी रानडुकराला राहवेना. दर्शनाच्या ओढीने त्याने भिंतीला धडक दिली. दगड ढासळले. आत महाराज मधोमध उकलले होते आणि आतून पिवळेधमक गरे दिसत होते.

बराच वेळ नुसते श्वास ऐकू येत होते, तेही नाकाने घेतलेले.

उदाजीराव पुढे झाले. त्यांचा आवाज खरोखरच भरून आला होता, तोंडाला पाणी सुटलं म्हणूनही असेल. "मंडळी," ते म्हणाले, "महाराजांनी आपल्यासाठी आपलं अंतरंग उघडं केलंय."

पहिला हात वानराने घातला. मग कोणी थांबलं नाही. असा प्रसाद त्या जंगलात कधी झाला नव्हता. जनावरं रडत होती आणि खात होती. "काय गोड होते हो महाराज!" म्हणत होती. फणसाच्या चिकाने सगळ्यांची तोंडं चिकटली आणि दुपारपर्यंत संपूर्ण जंगलाला मौन लागलं. टिटवीलासुद्धा. हा चमत्कार मात्र मीही मानतो.

संध्याकाळी तोंडं सुटली आणि भांडण सुरू झालं. आठळ्या, म्हणजे गऱ्यांतल्या बिया, कोणी घ्यायच्या? शेवटी ज्याच्या हाताला जेवढ्या लागल्या तेवढ्या घेऊन जो तो पळाला आणि ज्याने त्याने आपापली आठळी पुरून वर आश्रम बांधला. एका जंगलात बेचाळीस आश्रम झाले. त्यात पुन्हा दोन पंथ पडले. महाराज कापा, म्हणजे टणक गऱ्यांचे, होते असं एक पंथ म्हणे, महाराज बरका, म्हणजे मऊ गऱ्यांचे, होते असं दुसरा म्हणे. कापापंथी आणि बरकापंथी एकमेकांच्या पाणवठ्यावर जात नसत. महाराज आधी कोण होते, हे कोणाच्याच लक्षात नव्हतं.

खवल्या आणि साळूबाई नदीपलीकडे राहत होती. तिकडे वारुळं भरपूर होती. वर्षभराने महाराजांची पुण्यतिथी आली. खवल्याला वाटलं, एकदा जाऊन बघावं. आपली स्वतःची पुण्यतिथी बघायला कितीजणांना मिळते?

साळूबाई नको म्हणत होती. पण गेली बरोबर. दोघं बेचाळीसातल्या एका आश्रमाच्या रांगेत उभी राहिली. नंबर जवळ आला तसा ढोल वाजला आणि खवल्या दचकून गोळा झाला.

"ए! काय चाललंय?" रांग सांभाळणारा वानर ओरडला. "महाराजांची नक्कल करतोस?"

जमाव गोळा झाला. "तोंड बघा याचं! महाराज कुठे, हा कुठे!" "महाराज हिरवे होते हो!" "वास घ्या, वास घ्या. येतो का गोड वास?" सशिणीने वाकून वास घेतला आणि नाक मुरडलं. "वारुळाचा येतो," ती म्हणाली.

साळूबाईचे काटे ताठ उभे राहिले. "अहो मूर्खांनो, हेच ते..."

"नको, नको!" गोळ्यातून घाईघाईने आवाज आला. "साळूबाई, पाया पडतो, काही बोलू नका!"

"पाया पडतो म्हणतोय, बघा," वानर जरा निवळून म्हणाला. "बरं, सोडा त्याला. अज्ञानी आहे." आणि त्यांनी दोघांना मांडवाबाहेर घालवून दिलं.

नदीपलीकडे जाईपर्यंत खवल्या गोळ्यातून आणि गोळ्याबाहेर, दोन्हीकडे हसत होता. साळूबाईला मात्र राग आवरत नव्हता. ती वाटभर त्या वानराबद्दल बोलत होती. घरी पोचल्यावरही तेच. खवल्याने थोडा वेळ ऐकलं. मग तो म्हणाला, "साळूबाई, आता जरा थांबा. आज मला बोलायचंय."

आणि तो बोलला. आईबद्दल बोलला, लहानपणी पहिल्यांदा गोळा कसा जमला ते बोलला, मांडवातल्या त्या दिवसांबद्दल बोलला. पुष्कळ बोलला. साळूबाई जवळ बसून ऐकत होती. खरं सांगायचं तर, मधे एकदा तिला जांभई आली. पण ती उठून गेली नाही.

तात्पर्य : मुलांनो, गुरू करायचाच असेल तर फणस करावा. तो घाबरत नाही, बोलत नाही, घरी जायचं म्हणत नाही, आणि पिकल्यावर खाता येतो. ज्यांना भूक लागते असल्या गुरूंच्या नादी लागू नये. त्यांच्याशी फार तर मैत्री होते.